डेन्मार्कमध्ये मठाची जुनी वीटभट्टी बघायला एक दिवस घालवावा का?

तुम्ही विचारलंय की कोपनहेगनमध्ये चार दिवस आहात, त्यातला एक दिवस मध्ययुगात मठवाल्यांनी जिथे विटा भाजल्या अशी जागा बघण्यात घालवावा, की सरळ एखादा किल्ला गाठावा.

घालवा. फक्त सकाळी उठून थेट भट्टीवर जाऊ नका. ती चूक मी केली आणि बायकोने परतीच्या गाडीत "एवढ्यासाठी?" असं तीनदा विचारलं. आठशे वर्षांपूर्वीच्या भट्टीचं उरतं काय, तर खाली जाळाच्या सरी, दोन बाजूंना गुडघाभर भिंतींचे तुकडे आणि भाजून लालभडक झालेली जमीन. वरचा भाग तेव्हाच मोडलेला असतो. माती जिथे चांगली तिथे भट्टी बांधायची, चर्च उभं राहिलं की ती सोडून द्यायची, असाच सगळा हिशोब होता.

माझ्या मामाची कराडजवळ वीटभट्टी होती, म्हणून मी मात्र त्या सरींपुढे अर्धा तास उकिडवा बसलो. आपल्याकडे कच्च्या विटा रचल्या की ती रासच भट्टी. भाजून झाली की उचलायची, मागे फक्त राख. तिकडे कायमच्या भिंतींची खोली असे. तोंडातून लाकडं सारायची, जाळ सरींमधून आत धावायचा, वर फटी ठेवून रचलेल्या विटांतून तो चढायचा. तापमान हजार अंशांच्या आसपास न्यायचं, दिवसचे दिवस टिकवायचं, मग तोंड लिंपून निवू द्यायचं. जाळाजवळच्या विटा काळपट, काचेसारख्या चकाकणाऱ्या निघत. त्याला आमचा मामा खंगर म्हणायचा आणि पायात टाकायला वेगळा काढायचा. हंगाम मात्र बरोबर उलटा. आपण पावसाला भिऊन दिवाळीनंतर विटा पाडतो. ते शरद ऋतूत माती खणून ठेवत, हिवाळ्यातलं दंव तिची ढेकळं फोडी आणि विटा पाडून, वाळवून भाजायच्या उन्हाळ्यात.

तर आधी भिंती बघा, म्हणजे भट्टी बोलायला लागते. कोपनहेगन ज्या झीलंड बेटावर आहे, तिथेच एका दिवसात तीन ठिकाणं होतात.

पहिलं रिंग्स्टेड. कोपनहेगनहून थेट रेल्वे आहे. तिथलं सांक्ट बेन्ट चर्च बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाचं, ११७० साली त्याची प्रतिष्ठापना झाली, आणि उत्तर युरोपातल्या विटांच्या सगळ्यात जुन्या चर्चांमध्ये ते मोजतात. राजा वाल्डेमार पहिला (मृत्यू ११८२) इथे पुरलेला आहे. १८५५ मध्ये कबरी उघडल्या तेव्हा त्याच्या कबरीत लॅटिन मजकुराचा शिशाचा पत्रा सापडला. त्यात त्याच्या पराक्रमांच्या यादीत हेही आहे की राज्याच्या रक्षणासाठी डानेविर्कची भिंत भाजलेल्या विटांनी बांधणारा हा पहिला. (ती भिंत आता जर्मनीच्या हद्दीत आहे.) राजाच्या कबरीत वीट मिरवली जाते, यावरून ती तेव्हा किती नवलाची होती ते कळतं. आणि मोलाचीही, कारण त्या देशात बांधायला फारसा दगडच नाही. हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे, थोडा चुनखडी दगड, आणि चिकणमाती हवी तेवढी.

दुसरं सोरो. इथे ११६१ मध्ये आब्सालोन या बिशपने सिस्टर्शियन या दुसऱ्या पंथाचे मठवासी आणले. त्यांचं विटांचं लांबलचक चर्च अजून वापरात आहे आणि आब्सालोनची कबर आत वेदीमागे आहे. १२४७ च्या आगीनंतर लाकडी छत जाऊन विटांच्या कमानींचं आलं. स्टेशन गावाबाहेर आहे, पुढे बस घ्या. १९व्या शतकात डागडुजी झाल्यामुळे सगळ्याच विटा मूळच्या नाहीत, पण हात लावून फरक ओळखायला मजा येते. डॅनिश लोक या विटेला मुंकेस्टेन म्हणजे मठवाल्यांची वीट म्हणतात. नावाला तेवढा अर्थ नाही. किल्ल्यांना आणि गावच्या चर्चांनाही हीच वीट लागलेली आहे, आणि मठातही घामाचं काम बहुतेक श्रमकरी बंधूंच्या, म्हणजे मठात राहून अंगमेहनत करणाऱ्यांच्या, वाट्याला जायचं. रचनेत दोन स्ट्रेचर (लांब बाजू दिसणाऱ्या विटा), मग एक हेडर (आखूड बाजू दिसणारी), असा क्रम शोधा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात भारी, ब्येर्नेडेचं गोल चर्च. सोरोपासून सहा-सात किलोमीटर, सायकलने जा. खालचा भाग ग्रॅनाइटच्या गोट्यांचा, वरचा विटांचा. १२व्या शतकात वीट या मुलखात पोचली, तो क्षण भिंतीतच दिसतो. गवंडी बदलला, सामान बदललं, काम पुढे चालू. १८९० च्या सुमारास जीर्णोद्धारात छप्पर बदललंय, तिकडे फार लक्ष देऊ नका.

बहुतेक मठांचं पुढे काय झालं म्हणाल तर १५३६ च्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे देश प्रोटेस्टंट झाल्यावर, ते बंद पडले आणि विटा दुसरीकडे गेल्या. जटलंड या डेन्मार्कच्या पश्चिमेकडच्या द्वीपकल्पावरचा ओम मठ १५६१ मध्ये पाडून त्याचं सामान स्कँडरबोर्गच्या किल्ल्याला वापरलं. पुढे तो किल्लाही पाडला. किल्ला की मठ असं तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं.

मोजपट्टी नेऊ नका. आपली वीट वीतभर असते. मुंकेस्टेन साधारण २८ सेंटीमीटर, म्हणजे वीत आणि वर तीन बोटं, शिवाय रुंद आणि जाडही. एका विटेत आपल्या पावणेदोन विटांची माती. रिंग्स्टेडच्या भिंतीला वीत लावून बघा, मग भट्टीच्या सरींची रुंदी त्याच वितीने मोजा.

चर्चमध्ये लग्न किंवा अंत्यविधी असला तर आत सोडत नाहीत. शनिवार टाळलेला बरा.