‘तिलाच सोलापूर सोडायचं नाही’

पत्र : मुलगी बारावी सायन्सला आहे. अर्थशास्त्र घेऊन स्त्रियांवरच्या भेदभावाचं संशोधन करायचं म्हणते. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. ती मात्र स्वतःच्याच इच्छेनं इथं बी.ए., बी.एड. करेल. आमचा दबाव नाही. अर्थशास्त्र म्हणजे बँकेच्या परीक्षा, त्यात बायकांचा विषय कुठून आला? – एक पालक, सोलापूर

नमस्कार.

दोन पानी पत्रात मुलीच्या तोंडचं एकही वाक्य नाही, याचीच मला जास्त काळजी वाटते. मुलाच्या वेळी पुण्यातली हॉस्टेलं पालथी घातलीत. मुलीसाठी पुण्याच्या एकाही कॉलेजची फी विचारली नसेल, तर तिनं नको म्हटलं ते नेमकं कशाला? शिवाय एकाच पत्रात तिला संशोधनही करायचंय आणि बी.एड.ही. यातलं तिचं कुठलं आणि तुमचं कुठलं?

गंमत अशी, की तिला अभ्यासायचंय ते हेच. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी 1957 मध्येच मालकाचा पूर्वग्रह अर्थशास्त्राच्या हिशेबात आणला. बायकांच्या कमाईचा दोनशे वर्षांचा इतिहास धुंडाळणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 मध्ये नोबेल मिळालं. ‘बायकांना चढाओढ आवडतच नाही’ हेही तपासून झालंय. टांझानियातल्या पितृसत्ताक मसाई समाजात ‘जिंकलं तरच जास्त पैसे’ अशी स्पर्धा निवडायला पुरुष जास्त पुढे आले; मेघालयातल्या मातृवंशीय खासींमध्ये बायका. हा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आवडसुद्धा घरादारात घडते. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात बायका घरी विड्या वळतात, मजुरी हजारामागे. घर सांभाळून होतं म्हणून हे काम आवडतं, की दुसरं मिळत नाही म्हणून? यावर पीएच.डी. होऊ शकते, आणि सोलापूरची मुलगी ती जास्त चांगली करेल.

वाट सरळ आहे : अर्थशास्त्रात पदवी (पुण्याची गोखले संस्था बघा), मग एम.ए. किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी., पुढे पीएच.डी. गणित आणि संख्याशास्त्र कच्चं ठेवून चालणार नाही. पगार इंजिनिअर भावापेक्षा बराच उशिरा सुरू होईल, हेही तिला स्पष्ट सांगा.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. टाकण्याआधी वाचू नका.