जुना माल्ट उघडताना

माल्ट व्हिस्कीची बाटली आणलीस ना, आता आधी बर्फ बाजूला ठेव. थंडीने वास दबतो, आणि पैसे तर वासाचेच मोजलेत. तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घे, वाइनचा छोटाही चालेल. ३० मिली ओत आणि दहा मिनिटं हात लावू नकोस. मग ओठ किंचित उघडे ठेवून हुंग, म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही. पहिला घोट फक्त जीभ ओली करायला. त्यानंतर चमच्याने दोन-चार थेंब साधं पाणी घालून बघ.

वयाच्या आकड्यावर भाळू नकोस. आपल्या गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या उकाड्यात, मुरायला ठेवलेल्या पिंपातून वर्षाला साधारण ८ टक्के व्हिस्की उडून जाते, स्कॉटलंडात २ च्या आसपास. म्हणून इथल्या सहा-सात वर्षांच्या माल्टमध्येही पिंपाच्या लाकडाची चव चांगली उतरलेली असते.

सोबत रेशाद (लाल तिखट मसाला भरलेला) बांगडा नको, कितीही जीव गेला तरी. मिरची आणि व्हिनेगर सगळं मारून टाकतात. धुराच्या चवीच्या माल्टला चोरीस, म्हणजे आपलं गोव्याचं डुकराचं सॉसेज, घे, कडक परतलेला, दोन-तीनच तुकडे. शेरी वाइनच्या पिंपात मुरलेल्याला बेबिंका, तो थराथरांचा गोड पदार्थ, पण गार नाही, किंचित कोमट. थरांवरचा तो खरपूस डाग माल्टशी फार छान जुळतो. काजू घेशील तर नुसते भाजलेले, मसाल्याचे पर्यटकांसाठी राहू देत.