रीफ टँकमध्ये (कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये) पानपट्टीचा चुना, खायचा सोडा आणि व्होडका टाकलेली चालते का? (टँक १०० लिटर, सोलापूर)

चुना चालतो, पण पानपट्टीवरचा नको. त्यात दूध, तेल की सुगंध, काय मिसळलंय कळत नाही. लॅब केमिकलच्या दुकानातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणा. १ लिटर आरओ पाण्यात २ ग्रॅम टाकून हलवा आणि काही तास झाकून ठेवा. विरघळतो दीड ग्रॅमच्या आसपास. गाळ हलवू नका, धातूंची बरीचशी भेसळ त्यातच बसते. वर धरलेली साय न मोडता मधली नितळ निवळी काढा.

निवळीचा पीएच १२च्या वर असतो, म्हणून ती एकदम ओतायची नाही. सलाईनचा सेट लावून मिनिटाला ४० थेंब ठेवा, १ लिटर ८ तासांत जातं. रात्रीच द्या, कारण तेव्हा टँकचा पीएच उतरलेला असतो.

आता सोलापूरचा खरा घोळ. १ लिटर निवळीनं तुमच्या टँकचा केएच (पाण्याची अल्कलिनिटी, कोरल सांगाड्यासाठी ती वापरतात) १.१नं आणि कॅल्शियम ८ पीपीएमनं वाढतं. एप्रिल-मेमध्ये पंखा लावून टँक थंड ठेवलात की बाष्पीभवन वाढतं. ती सगळी तूट निवळीनंच भरत गेलात, तर हिवाळ्यातल्या १ लिटरचे २ लिटर कधी होतात कळतही नाही. केएच उसळतो, पाण्यात पांढरा भुगा दिसतो, पंपाचे इम्पेलर (आतले फिरते पाते) जाम होतात. निवळी केएचच्या खपाएवढीच द्या, बाकी तूट साध्या आरओ पाण्यानं भरा.

खायचा सोडा बिनधास्त वापरा: ३ ग्रॅमला केएच १नं वाढतो, दिवसाला त्याहून जास्त नको. बेकिंग पावडर मात्र वेगळी वस्तू आहे, ती नको.

व्होडकाचं काम नायट्रेट खाणारे बॅक्टेरिया वाढवणं. ते काम बिनरंगी ४ टक्के व्हिनेगरही करतं, आणि माप चुकलं तरी नुकसान कमी, म्हणून माझं मत व्हिनेगरला. रोज १ मिलीनं सुरुवात करा, आठवडाभरानं नायट्रेट बघूनच वाढवा. या कामाला साखर टाळा. दमदार स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) नसेल तर या भानगडीत पडूच नका: बॅक्टेरिया ऑक्सिजन ओढतात, गरम पाण्यात तो आधीच कमी, त्यात रात्री लाईट गेली की मासे वर येऊन धापा टाकतात. पाणी दुधाळ दिसलं तर डोस बंद, बॅटरीवरचा एअर पंप चालू.

आणि गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची सवय असेल, तर ते पाणी टँकसाठी आरओतून काढल्याशिवाय घेऊ नका. तुरटीतलं ॲल्युमिनियम कोरलला, विशेषतः लेदर कोरलला, सोसत नाही.