जाहिरात स्वतः वाच

चि. मुली,

परवा दादरच्या पुलावर तू म्हणालीस, काका, कॉमर्सवाल्यांना एनडीएत, सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत, घेत नाहीत ना, आणि मुलींना तर नाहीच. उत्तर द्यायच्या आत गाडी आली आणि तू पळालीस. कोणी सांगितलं हे? क्लासच्या सरांनी आणि मामांनी. तिच्या प्रवेशपरीक्षेची जाहिरात तू उघडूनसुद्धा पाहिली नव्हतीस.

मीही पाहिली नव्हती. 1993 साली बारावीला होतो, कॉमर्सलाच. चाळीतले एकजण म्हणाले, सायन्स नाही तर विषय सोड. सोडला. विशी उलटल्यावर स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर 'एम्प्लॉयमेंट न्यूज' चाळताना ती ओळ दिसली: लष्करासाठी बारावी, कोणत्याही शाखेची. उभ्या उभ्या तीनदा वाचली. वय केव्हाच निघून गेलं होतं. गिरणी संपानंतर वडील मिळेल ते काम करत होते, घरात विचारायला कोणी नव्हतं, माझा काय दोष, असं मी इतकी वर्षं म्हणत आलोय. पण तो स्टॉल तेव्हाही तिथेच होता. मी रोज त्याच्यावरून जात होतो.

तुझ्या हातात फोन आहे. यूपीएससीच्या संकेतस्थळावर ही जाहिरात वर्षातून 2 वेळा येते. स्वतः वाच. नौदल, हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित लागतं. लष्करासाठी शाखेची अट नाही. मुलींना 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने परीक्षेला बसता आलं आणि मे 2025 मध्ये पहिल्या 17 जणी खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. मामांना हेही सांग.

गणिताचा 300 गुणांचा पेपर मात्र सगळ्यांना सारखाच, आणि तू अकरावीला गणित सोडून एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, घेतलंस! का, तर मार्क मिळतात असं कोणीतरी म्हणालं. पुन्हा कोणीतरी! राग येतो मला याचा. आता अकरावी-बारावीचं गणित घरी बसून करावं लागेल. मी घेईन तुझ्याकडून, संध्याकाळी साडेसातनंतर कधीही ये. लेखीनंतरच्या एसएसबीच्या, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीच्या, 5 दिवसांचं पुढे बघू.

आणि मी लिहिलंय म्हणूनही खरं मानू नकोस. एकेक ओळ जाहिरातीशी ताडून बघ. वाच, बाई, स्वतः वाच.

रविवारी सकाळी प्रिंट घेऊन ये. जन्मतारखेची अट दिलेली असेल, तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून आण.

तुझा,
काका