चित्रं येत नाहीत, पण आरपीजी करायचाय

तुझा प्रश्न थोडक्यात असा: आरपीजी (पात्र होऊन गोष्ट खेळायचा गेम) बनवायचं सॉफ्टवेअर आरपीजी मेकर एमव्ही घेऊन तीन महिने झाले, गोष्ट वहीत लिहून तयार आहे, संवाद मराठीत हवेत, पण साधा माणूससुद्धा धड काढता येत नाही, तर चित्रकार शोधू की चित्रकला शिकू? (सेकंड इयरला आहेस म्हणतोस, म्हणून अरे-तुरे करतोय.)

आत्ता दोन्ही नको. चित्रकाराला दाखवायला तुझ्याकडे आहे काय? वही. नुसत्या वहीवर भुलणारा चित्रकार मला तरी अजून भेटलेला नाही. दहा मिनिटांचा का होईना, चालता-फिरता गेम दाखवलास की समोरचा नीट ऐकून घेतो.

आणि चित्रांवाचून अडतं असं नाही. १९८० च्या 'रोग' या गेममध्ये नायक म्हणजे पडद्यावरचं '@' हे चिन्ह, आणि राक्षस म्हणजे इंग्रजीतली २६ मोठी अक्षरं. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा गेमही २००६ मध्ये असाच चिन्हांत आला; चित्रांची आवृत्ती विकायला आली ती थेट २०२२ मध्ये. मधली सोळा वर्षं कितीतरी लोक ती चिन्हंच बघत खेळले.

तू अक्षरांत गेम कर असं म्हणत नाही. तयार चित्रं भरपूर आहेत. केनी या गेमची चित्रं देणाऱ्या साइटचे संच सीसी-झीरो लायसन्सचे आहेत, म्हणजे श्रेय द्यायचीही सक्ती नाही. ओपनगेमआर्ट या साइटवर २०१२ च्या लिबरेटेड पिक्सेल कप या स्पर्धेतली चित्रं आहेत, आणि त्यांच्यावर बेतलेलं एक पात्र-जनरेटर: केस निवड, अंगरखा निवड, तलवार निवड, झाला माणूस तयार. फक्त त्यात चालण्याच्या ९ चौकटी (एकामागून एक दाखवायची चित्रं) असतात आणि एमव्हीला ३ लागतात, तेव्हा थोडी कापाकापी करावी लागेल. त्या चित्रांना श्रेय द्यावंच लागतं, शिवाय त्यात फेरफार केलेस तर तेही त्याच लायसन्सखाली द्यावे लागतात.

खरी गोची पुढे आहे. माझ्या पहिल्या गेममध्ये घरं एकाची, झाडं दुसऱ्याची, माणसं तिसऱ्याची होती. प्रत्येक चित्र सुरेख, पण गाव बघावं तर लग्नाला चार वेगवेगळ्या बँडवाल्यांना बोलावल्यासारखं. कुणाची सावली डावीकडे, कुणाची उजवीकडे. त्यापेक्षा एकाच हातचा साधा संच घे आणि त्यात जे नाही ते गोष्टीतून काढून टाक. संचात घोडा नसेल तर नायक पायी जाईल.

माप बघून घे. एमव्हीची टाइल, म्हणजे नकाशा रचायचा चौकोनी तुकडा, ४८ पिक्सेलची. १६ ची टाइल बरोबर तिप्पट होते, छान बसते. चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी करताना 'नियरेस्ट' हा पर्याय निवड, नाहीतर कडा पुसट होतात. ३२ ची मात्र दीडपट करावी लागते, आणि अर्धा पिक्सेल नावाची वस्तू नसल्यामुळे एक रेघ जाड, एक बारीक असा कारभार होतो.

चित्र उतरवलंस की त्याच दिवशी एका फाइलमध्ये नाव, कर्ता, लायसन्स आणि लिंक लिही. मी आळस केला. वर्षभराने एक वडाचं झाड कुठून आणलं तेच सापडेना, तेव्हा दोन अख्खे मॅप पुन्हा रचावे लागले.

आता मराठी संवाद. याबद्दल कुणी आधी सांगत नाही. एमव्ही संवादाच्या खिडकीत एकेक कॅरेक्टर सुटं काढतं. इंग्रजीला चालतं, आपल्या 'किल्ली'तली पहिली वेलांटी मात्र 'क' सोडून ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसते आणि जोडाक्षराचे तुकडे होतात. प्लगइन (एमव्हीला जोडायचा जास्तीचा कोड) लिहून यातून वाट निघते, पण नवख्याचं ते काम नाही. मराठी हवीच असेल तर २०२३ मध्ये आलेलं गोडो ४ हे गेम बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर बघ. फुकट आहे, मुक्त आहे, देवनागरी नीट जोडतं. मुक्ता किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट दिलास की झालं. शिकायला आरपीजी मेकरपेक्षा जड जाईल, हे खरं. मी तुझ्या जागी असतो तर पहिला छोटा गेम एमव्हीतच इंग्रजीत उरकला असता आणि वही गोडोसाठी राखून ठेवली असती.

तो छोटा गेम असा कर: एक खोली, एक म्हातारी, एक कुलूपबंद पेटी, एक लढाई. म्हातारीशी बोलल्याशिवाय किल्ली नाही, एवढ्यात स्विच (एखादी गोष्ट घडली की नाही याची गेमने ठेवलेली खूण) म्हणजे काय ते कळेल. सुरुवातीचा प्रसंग 'ऑटोरन'वर, म्हणजे आपोआप सुरू होईल असा, ठेवलास आणि शेवटी सेल्फ स्विच (त्या प्रसंगाचा स्वतःचा स्विच) लावायला विसरलास, तर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सुरू होईल आणि नायक जागचा हलणार नाही. गेम हँग झाला समजून एमव्ही पुन्हा इन्स्टॉल करत बसू नकोस. मी दोनदा केलं होतं.

लढाईत साध्या हल्ल्याचं ठरलेलं सूत्र असं: मारणाऱ्याचा हल्ला गुणिले ४, वजा समोरच्याचा बचाव गुणिले २. नायकाचा हल्ला २० आणि राक्षसाचा बचाव ४० ठेवलास तर उत्तर शून्य. रात्रभर तलवार चालवली तरी राक्षसाला ओरखडा नाही. बचाव ३० केलास की दर वाराला साधारण २० जातील. राक्षसाचं चित्र कसं का असेना, लढाईत रंगत येते ती या आकड्यांनी.

पेटी उघडली की फाइल इथे टाक. रात्री दहानंतर असतो मी, खेळून सांगतो.