वाचक विचारतात : पोर्तोला जातोय, जवळचं एखादं जुनं गाव सांगा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मुलगा नोकरीनिमित्त पोर्तुगालमध्ये पोर्तोला असतो. सप्टेंबरात आम्ही दोघं पंधरा दिवस त्याच्याकडे जातोय. शहर तो दाखवीलच. पण तो कामावर असताना आमचे आम्ही जाऊन येऊ असं नदीकाठचं जुनं गाव सुचवाल का? यांचे गुडघे दुखतात आणि मी मासे खात नाही. – एक वाचक, गुहागर

उत्तर : व्हिला दु कोंदला जा. मुलीकडे गेले होते तेव्हा मी दोनदा गेले, दुसऱ्यांदा मुद्दाम एकटी.

पोर्तोच्या त्रिंदाद स्टेशनवरून मेट्रोच्या लाल मार्गावरची गाडी तासाभरात तिथे पोचवते. गाडीत चढण्यापूर्वी तिकिटाचं कार्ड यंत्राला लावायला विसरू नका. सोमवारी जाऊ नका, संग्रहालयं बंद असतात. ‘सांता क्लारा’ स्टॉपला उतरलात की जुना भाग जवळ पडतो.

आव्ह नदी या गावापाशी अटलांटिकला मिळते. वर टेकाडावर 1318 साली स्थापन झालेला सांता क्लाराचा मठ आहे. त्याची मोठी इमारत आता हॉटेल झाली आहे. मठाला पाणी आणायला 1626 ते 1714 या काळात दगडी पाट बांधला, 999 कमानींचा! सगळ्या आज उभ्या नाहीत, पण गावातून दिसतात तेवढ्यानेही मान वर होते. गुडघ्यांचा विचार करून टेकडी रिक्षा-टॅक्सीनेच चढा, उतार दगडी आहे.

पण खरा वेळ द्या तो खाली धक्क्यावर. तिथे जुनं जकातघर आहे, 1487 सालचं, आता जहाजबांधणीचं संग्रहालय. समोर पाण्यात सोळाव्या शतकातल्या ‘नाऊ’ची हुबेहूब प्रतिकृती उभी असते. हिंदुस्थानच्या वाटेवर जायची ती अशी गलबतं. आत वाकून उतरावं लागतं. धान्याच्या गोणी, पिंपं, वाटाड्याची इवलीशी खोली... दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतकी. मी तिथे बराच वेळ बसून राहिले. आमच्या रेवदंड्याच्या घरामागे, नारळी-पोफळीत, पोर्तुगीज कोटाची भिंत आहे. 1521 मध्ये ते इथे चौलला कोट बांधायला लागले, 1740 मध्ये मराठ्यांना देऊन गेले. त्या भिंतीवर चढून मी आंबे काढलेत. शाळेत तीस वर्षं हा इतिहास शिकवला. पण ही माणसं कुठल्या धक्क्यावरून, कसल्या खोल्यांत बसून निघाली असतील, हे मला त्या लाकडाच्या वासात पहिल्यांदा कळलं. आमच्या वडिलांची होडी पावसाळ्याआधी ओढून ठेवली की फळ्यांच्या फटी बुजवत, तोच वास.

तिथून पाच मिनिटांवर पांढऱ्या घुमटाचं छोटं सोकोरु चॅपेल आहे. ते बांधवलं गास्पार मानुएल या माणसाने, जो हिंदुस्थान, चीन आणि जपानच्या जहाजवाटेचा मुख्य वाटाड्या होता. आत भिंतभर निळ्या-पांढऱ्या फरशा. कुलूप असलं तरी बाहेरच्या कट्ट्यावर बसून नदी बघा.

जेवणाचं : काल्दु व्हेर्द नावाचं बटाट्याचं आणि पालेभाजीचं सूप सगळीकडे मिळतं, पण त्यात डुकराच्या मांसाच्या चकत्या घालतात. ‘सें शोरीसु’ म्हणजे ‘त्याशिवाय’ असं आधी सांगा. सूप कशात शिजवलंय तेही विचारा. पाव मात्र ‘पाव’च मागा, थोडंसं नाकातून. तो शब्द आपल्याला त्यांनीच दिला. ‘चावी’ही त्यांचीच.

दुपारी समुद्राकडून गार वारा सुटतो, म्हणून सप्टेंबर असला तरी स्वेटर ठेवा. नदीच्या मुखाशी किल्ला आहे, पण पाय दुखत असतील तर तो सोडून द्या आणि लेसच्या संग्रहालयात जा. लाकडी छोट्या काड्यांवर धागे गुंडाळून बायका तिथे उशीवर लेस विणतात. काड्या एकमेकींवर आपटतात त्याचा टकटक आवाज दारापासून ऐकू येतो. मी गेले तेव्हा विणणारी एक आजी माझ्या साडीचा काठ बोटांनी चाचपून बघत होती, आणि मी तिची उशी. आम्हा दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. तुम्ही साडी नेसून जा.