वाचकांचे प्रश्न: प्रोजेक्ट पोरांनी करायचा की दुकानदाराने?

या वेळी पाचवी-सहावी ते आठवीच्या मुलांच्या पालकांची आणि शिक्षकांची पत्रं जास्त आलीत, एक तर मुलाचंच आलंय. सगळ्यांचा विषय फिरून फिरून एकच, शाळेतले प्रोजेक्ट आणि त्यातले नंबर. म्हणून हा महिना त्यालाच दिला.

प्रश्न: मुलगी सातवीत आहे. दिवाळीनंतर शाळेत विज्ञान प्रदर्शन असतं. बाकीचे पालक दुकानातून रेडिमेड ज्वालामुखी नाहीतर हायड्रॉलिक जेसीबी आणतात आणि नंबर पण त्यांचाच येतो. हिला स्वतःच्या हाताने काहीतरी करायचंय, पावसाच्या पाण्यावर करीन म्हणते. जमेल का? आणि केलं तरी बघणार कोण?
— एक आई, सिन्नर तालुका

उत्तर: ताई, नक्की जमेल, पण दिवाळीची वाट बघू नका, आजच सुरू करू द्या, कारण प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात पाऊस कुठून आणणार?

दोन लिटरची कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापायचा आणि तोच उलटा करून फनेलसारखा आत बसवायचा. आता महत्त्वाचं, बाटलीचा तळ सपाट नसतो, त्याला खाली फुगीर पाय असतात, तिथून पट्टी लावून मिलिमीटर मोजले तर आकडा चुकणारच. म्हणून तळाशी खडे घालायचे, बाटलीचा सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी ओतायचं आणि तिथे मार्करने शून्याची रेघ मारायची. त्याच्या वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा. झालं पर्जन्यमापक. भिंतीला, झाडाला चिकटून ठेवायचं नाही, मोकळ्यावर चार विटांच्या मधे उभं करायचं. रोज सकाळी साडेआठला डोळे पाण्याच्या पातळीला आणून आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि पाणी परत शून्यावर आणायचं. साडेआठच का, तर हवामान खातं पण सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असाच दिवस धरतं, म्हणजे हिचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येईल.

पुढचा भाग गणिताचा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. समजा घराचा पत्रा १० मीटर बाय ६ मीटर आहे (उताराचं माप घ्यायचं नाही हं, खाली जमिनीवर तो जेवढी जागा झाकतो तेवढंच), म्हणजे ६० चौरस मीटर. २० मिलिमीटर पाऊस झाला की १२०० लिटर. थोडं उडतं, थोडं पन्हळीतून सांडतं, म्हणून ८० टक्केच धरा, तरी ९६० लिटर. उन्हाळ्यात टँकरमागे पळणाऱ्या माणसाला हा आकडा सांगून बघा, तो स्टॉलपासून हलणार नाही.

आणि अजून एक करायला सांगा. महसूल मंडळाचा (म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचा) रोजचा पावसाचा आकडा मिळतो, तो आपल्या आकड्याशेजारच्या रकान्यात लिहायचा. दोन्ही बरेचदा जुळणार नाहीत, आपल्याकडे बांधाच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे ऊन हे सगळ्यांनी बघितलंय. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नाहीये, कारण २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी, त्यावर नुकसानभरपाई अवलंबून, आणि हे ठरतं मंडळाच्या आकड्यावर, आपल्या वावरातल्या पावसावर नाही. सातवीतल्या मुलीच्या वहीत चार महिन्यांचे असे दोन रकाने भरलेले असले तर ते बघायला गावातली मोठी माणसं पण थांबतील, माझी खात्री आहे.

नंबराचं म्हणाल तर शाळेला एक विनंती करून बघा, परीक्षकांनी मॉडेलच्या आधी वही मागावी. वहीतली पानं बघितली की काम कोणी केलंय ते लगेच कळतं. आणि हो, थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा थर्माकोलचे डोंगर मांडलेच जाऊ नयेत, हे पण सांगा.

प्रश्न: मी सहावीत आहे. आमच्या ग्रुपने लिंबाची बॅटरी केली. व्हिडिओत एका लिंबावर बल्ब लागतो, आमचा चार लिंबांवर पण लागला नाही. सगळे हसले आणि परीक्षक पुढे गेले. आमचं काय चुकलं?
— एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर: अरे, तुम्ही टॉर्चचा बल्ब लावला असणार, तिथेच अडलं. त्या बल्बला साधारण पाव अँपियर करंट लागतो आणि लिंबातून मिळतो एक हजारांश अँपियरच्या आसपास, बरेचदा त्याहूनही कमी. कितीही लिंबं ओळीत जोडली तरी तो पेटणार नाही. एका लिंबावर बल्ब पेटवणारे बरेच व्हिडिओ आत सेल लपवून केलेले असतात, त्यामुळे मनाला लावून घेऊ नकोस.

आता असं कर. बल्ब काढ आणि लाल एलईडी आण, तो अगदी थोड्या करंटवर पण मिणमिणतो. प्रत्येक लिंबात एक तांब्याची जाड तार आणि एक जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खुपसायचा, दोघांनी एकमेकांना आतून शिवायचं नाही. खुपसायच्या आधी लिंबू जमिनीवर दाबून लोळवून मऊ कर. एका लिंबातून साधारण ०.९ व्होल्ट मिळतात आणि लाल एलईडीला जवळपास १.८ लागतात, म्हणून तीन-चार लिंबं ओळीत जोड, पहिल्याचं तांबं दुसऱ्याच्या खिळ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. शेवटी मोकळं राहिलेलं तांबं एलईडीच्या लांब पायाला आणि मोकळा खिळा आखूड पायाला. खोलीत अंधार करून बघ.

लागला की थांबू नकोस. साधा मल्टिमीटर शाळेत असेल तर सरांकडून माग आणि लिही, एका लिंबाला किती व्होल्ट, दोनाला किती, तिनाला किती. तांब्याऐवजी दोन्हीकडे खिळेच लावले तर काय होतं? लिंबाऐवजी बटाटा, चिंचेचं पाणी, ताक घेतलं तर? खिळा दोन दिवस तसाच ठेव आणि मग काढून बघ, त्याचा मुलामा झिजलेला दिसेल, कारण वीज खरं म्हणजे त्या जस्ताच्या झिजण्यातून येते, लिंबाचा रस फक्त मधला रस्ता देतो. म्हणूनच ती लिंबं नंतर सरबताला वापरायची नाहीत, रसात जस्त उतरलेलं असतं, घरी आईला पण सांगून ठेव. आणि पुढच्या वेळी प्रदर्शनात तो न लागलेला टॉर्चचा बल्ब पण शेजारी ठेव. तो का लागत नाही हे तू आकड्यांसकट सांगितलंस तर परीक्षक नक्की थांबतील.

प्रश्न: आमची सहावी ते आठवीची जिल्हा परिषदेची शाळा. प्रयोगशाळा नाही, निधी नाही. दप्तराविना शाळेच्या दिवशी गाणी-गोष्टी होतात आणि दिवस संपतो. मुलांच्या हाताला काम देण्यासारखं काय करता येईल?
— एक शिक्षक, नांदेड जिल्हा

उत्तर: सर, गावातल्या गवंड्याला शाळेत बोलवा, मी मनापासून सांगतोय. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत ते याचसाठी, सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली मुलांनी काम करून बघावं म्हणून. गवंडी येताना ओळंबा, गुण्या आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन येईल. त्या नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीवर का थांबतं, इथून विज्ञान सुरू. मग मुलांना वर्गाचा कोपरा तपासू द्या, एका भिंतीवर कोपऱ्यापासून ३ मीटरवर खूण, दुसऱ्या भिंतीवर ४ मीटरवर, आणि दोन खुणांमधे दोरी ताणली तर ती बरोबर ५ मीटर भरली पाहिजे. भरली नाही तर कोपरा काटकोनात नाही. सातवीतला पायथागोरस पोरांच्या हाताला लागतो आणि स्वतःच्या वर्गाचा कोपरा चुकलेला सापडला तर त्यांचा उत्साह बघण्यासारखा असतो. खर्च म्हणाल तर दोरी आणि खडू.

जमलं तर पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे तिथे एकदा जाऊन या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. आठवीपासूनच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक आणि आरोग्य अशी खरी कामं देणारा त्यांचा अभ्यासक्रम राज्यातल्या बऱ्याच शाळांनी घेतलाय.

प्रश्न: शेजारच्या मुलाला होमी भाभा परीक्षेत मेडल मिळालं. आमचा पाचवीत आहे, आत्तापासून क्लास लावू का?
— एक वडील, डोंबिवली

उत्तर: दादा, आत्ता नका लावू. मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची ही विज्ञानाची परीक्षा सहावी आणि नववीला असते. लेखी झाली की प्रात्यक्षिक, आणि त्यातून पुढे गेलेल्यांना मुलाखत आणि कृती संशोधनाचा प्रोजेक्ट. लेखीची तयारी क्लास करून घेईल हो, पण पुढचं सगळं मुलाच्या हातात आणि डोळ्यांत असावं लागतं. त्यापेक्षा हे वर्ष त्याला घरातला जुना मिक्सर, टेबलफॅन (प्लग काढून, तुमच्या समोर) खोलून बघू द्या.

सहावीत गेला की शाळेत केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेबद्दल विचारा. त्यात मुलाने सुचवलेली कल्पना निवडली गेली तर मॉडेल करायला १० हजार रुपये मिळतात, आणि कल्पना शाळेमार्फतच ऑनलाइन पाठवावी लागते. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद पण आहे, १९९३ पासून चालू आहे, १० ते १७ वयाच्या मुलांसाठी. तिथे मुलं मिळून आपल्याच परिसरातला प्रश्न घेऊन अभ्यास करतात. डोंबिवलीत प्रश्नांची कमी नाही, नाला आहे, कचरा आहे, लोकलची गर्दी आहे. मुलाला कुठला प्रश्न त्रास देतो ते त्यालाच विचारा, तुम्ही सुचवू नका.